टेपवरची गिटार

नव्याचे केस पांढरे झाले, दोन दाढा गेल्या, मुलगी लग्न होऊन तिच्या घरी गेली, तरी बँडमध्ये तो नवाच राहिला. ज्या घरात दुसरी सून येतच नाही, तिथली पहिली सून म्हातारी झाली तरी नवीनच असते, तसलाच प्रकार. पंचवीसेक वर्षांपूर्वी थोरला गेला, त्याच्या जागी गिटार वाजवायला कोणीतरी हवं होतं, म्हणून हा आला. ड्रमवाल्या ठोक्यानं पहिल्याच दिवशी "नव्या, जरा सरकून बस" असं म्हटलं आणि ते नाव जे चिकटलं ते चिकटलंच.

थोरला म्हणजे बँडचा जन्मदाता. गाणारा धाकटा हा त्याचा सख्खा भाऊ. बेस गिटार वाजवणाऱ्या वहिनी म्हणजे थोरल्याची बायको. धाकट्याच्या वहिनी म्हणून ठोक्याच्याही वहिनी, आणि मग पोस्टर चिकटवणाऱ्यापासून तिकीट फाडणाऱ्यापर्यंत सगळ्यांच्याच वहिनी. ही मंडळी ब्लूज रॉक वाजवत होती, तो ऐकायला तरुण माणसं गर्दी करायची तेव्हापासून. आता तीच माणसं गुडघे सांभाळत यायची आणि खुर्च्या मिळतील ना, असं आधी फोन करून विचारायची.

थोरल्याबद्दल नवा चारचौघांत कधी वाकडं बोलला नाही. पोटात मात्र निखारा. कार्यक्रम संपला की डोळे पुसत कोणीतरी यायचं, त्याचा हात दोन्ही हातांत धरायचं आणि म्हणायचं, "काय वाजवलंत हो. अगदी थोरल्याची आठवण झाली." नवा हसून मान लववायचा, आणि घरी गेल्यावर त्याला घास गिळवायचा नाही.

"मेल्या म्हशीला मणभर दूध," तो बायकोला म्हणायचा. "मेला म्हणून मोठा झाला. आज असता तर माझ्यासारखाच चष्मा लावून तारा बदलत बसला असता."

"मग तूही मरून बघ," बायको म्हणायची. "तेवढ्यासाठी जेवण कशाला टाकतोस?"

आणखी एक खोड नव्याला होती. वाजवून झालं की तो विचारायचा, "चालेल का?" तालमीत विचारायचा, रेकॉर्डिंगमध्ये विचारायचा, एकदा तर भर कार्यक्रमात माइकवर विचारून बसला. ठोक्याला तेवढंच पुरे. "हा रात्री दिवा मालवतानाही बायकोला विचारत असेल, चालेल का?" असं तो कोणालाही सांगत सुटायचा. नव्याला राग यायचा, पण खोड काही जायची नाही.

आता हा अल्बम. शेवटचाच, असं कोणी म्हटलं नव्हतं, पण ठोक्याला ड्रमच्या स्टुलावरून उठताना हाताला धरावं लागत होतं आणि धाकट्याचा वरचा आवाज सकाळी लागत नव्हता. त्यात 'सावकाश' नावाचं गाणं होतं. थोरल्यानं केलेलं, संथ, आणि का कोण जाणे आजवर रेकॉर्ड न झालेलं. त्याच्या मधोमध गिटारचा मोठा सोलो होता, गाणं सगळं तिथेच जाऊन बसलेलं. तो सोलो नव्याचा, असं धाकट्यानं सगळ्यांसमोर कबूल केलं होतं. गेले कित्येक महिने नवा जेवण झाल्यावर मुलीच्या रिकाम्या खोलीत दार लावून तेवढाच सोलो घोटत होता. लोक या अल्बमवर थोरल्याचं नाव शोधतील आणि तिथे आपण सापडू, एवढीच त्याची इच्छा. ती काही फार मोठी नव्हती, पण त्याला दुसरी उरली नव्हती.

आणि पहिल्याच दिवशी वहिनींनी पर्समधून कॅसेट काढली.

स्टुडिओ म्हणजे एका जुन्या गोदामाचा मागचा भाग होता. भिंतींना जाड गाद्या ठोकलेल्या, जमिनीवर वायरींचा गुंता, आणि काचेपलीकडे रेकॉर्डिंग करणाऱ्या बाई, ज्यांना आजवर कोणी हसताना पाहिलं नव्हतं. वहिनींनी कॅसेट त्यांच्या हातात दिली.

"त्यांची शेवटची तालीम आहे," वहिनी म्हणाल्या. "मी त्या दिवशी तापानं घरी होते. म्हणून बेस नाहीये यात. मी वर्षातून एकदा ऐकते. म्हटलं, या वेळी तुम्हीही ऐका."

कॅसेटवर थोरल्याच्या अक्षरात 'सावकाश' लिहिलेलं होतं. टेपरेकॉर्डर गिटारच्या अॅम्पला, म्हणजे स्पीकरच्या खोक्याला, टेकूनच ठेवला असावा, कारण ड्रम लांबून येत होते आणि गिटार अगदी कानाशी. सोलो सुरू झाला. पहिली ओळ जेमतेम, चाचरत. दुसरीत तिनं धीर धरला. मग ती गिटार अशी काही बोलायला लागली की ठोक्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. धाकटा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. शेवटचा सूर विरताच वहिनींनी खूण केली आणि बाईंनी टेप बंद केली. पुढची नुसती घरघर वहिनींना सोसत नसे.

"असं आता कोण वाजवणार," ठोक्या म्हणाला.

नवा तिथेच उभा होता. त्याच्या गळ्यात गिटार होती.

निर्णय व्हायला वेळ लागला नाही. सोलोला टेपवरची गिटार घ्यायची, बाकीच्यांनी तिच्याभोवती वाजवायचं. अल्बमचं नावही ठरलं, 'थोरला'. "तुला वाईट नाही ना वाटलं?" धाकट्यानं विचारलं. नवा म्हणाला, "छे, उलट बरंच झालं." हे म्हणताना त्याचा जबडा इतका आवळला गेला की उरलेल्या दाढाही दुखल्या.

त्या संध्याकाळी त्यानं बायकोला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, मग म्हणाली, "जिवंत माणसावर जळलास तर समजू शकते. त्याला निदान ठसका तरी लागतो."

"वाजवलंय मात्र जबरदस्त," नवा म्हणाला. हे कबूल करताना त्याला रडू येईल असं वाटलं. एवढी वर्षं त्यानं स्वतःची समजूत घातली होती की थोरला बरा होता, लोकांनी त्याला मोठा केला. आणि आता कानांनी ऐकलं होतं. लोक खरं बोलत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी बेस वाजवला. बाकी कोणी नको म्हणाल्या. खोलीत एकट्या खुर्चीवर बसल्या, हेडफोन लावला, डोळे मिटले. काचेच्या अलीकडे स्पीकरवर दोन्ही एकत्र ऐकू येत होतं, टेपवरची गिटार आणि वहिनींचा बेस. गिटार थबकली की बेस थांबायचा, ती वर चढली की तो खालून आधार द्यायचा. नवा इतकी वर्षं वहिनींच्या शेजारी उभा राहून वाजवत होता. त्याच्यासाठी त्या अशा कधीच वाजवल्या नव्हत्या. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला आणि त्याच वेळी, असं म्हणायला नको, पण ते त्याला फार आवडलं. पहिल्याच टेकमध्ये झालं. वहिनी बाहेर आल्या, नाक पुसलं आणि म्हणाल्या, "चला, भूक लागली."

सगळे जेवायला गेले. नवा पोट बिघडल्याचं सांगून मागे राहिला.

"मला ती टेप एकदा ऐकवा," तो बाईंना म्हणाला. "एकटी गिटार."

"कशाला?"

"अभ्यासाला."

बाईंनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि स्पीकर बारीक चालू ठेवून हेडफोन पुढे सरकवला. अभ्यास कसला आलाय. त्याला चूक शोधायची होती. थोरल्याची एक चूक, एखादा घसरलेला सूर, एखादी खरखरलेली तार. तेवढी सापडली असती तरी त्याला जेवण गेलं असतं. त्यानं आवाज वाढवला आणि भिंगातून हिरा पाहणाऱ्या सोनारासारखा कान लावला. तिसऱ्या ओळीत त्याला ती सापडली. तार खेचून वर नेताना बोट किंचित अलीकडे घसरलं होतं.

"सापडली," नवा म्हणाला. त्याला इतका आनंद झाला की त्यानं बाईंच्या खांद्यावर थोपटलं. "ऐकलंत? घसरला."

"हो," बाई म्हणाल्या. "तिथे तुम्हीही घसरता."

"तेच म्हणतो मी. तोही घसरायचा."

आता तो हावरा झाला. शेवटचा सूर नीट लागलाय का, की विरताना बेसूर झालाय, हे ऐकायला त्यानं आवाज आणखी वाढवला. सूर विरला. अॅम्पची घरघर उरली. बाईंचा हात बटणाकडे गेला तसा त्यानं तो अडवला. घरघर, घरघर, खुर्ची करकरली. आणि मग अगदी माइकजवळून, घसा कोरडा पडलेल्या एका तरुण माणसानं विचारलं, "चालेल का?"

लांबून, ड्रमच्या बाजूनं, ठोक्याचा आवाज आला. "थोरल्यासारखं नाही. पण चालेल."

मग खटकन् टेप संपली.

नव्यानं हेडफोन काढला, परत लावला, परत ऐकलं. मग त्याला सगळं आठवलं. थोरला गेल्यानंतरचे ते दिवस. एकामागून एक चार-पाच जणांना बोलावून 'सावकाश' वाजवायला लावलं होतं, त्यांतलाच तो एक. त्याची स्वतःची गिटार दुरुस्तीला गेलेली, म्हणून थोरल्याचीच हातात दिली होती, थोरल्याच्याच अॅम्पला लावून. वहिनी त्या दिवशी आल्या नव्हत्या, दुसऱ्या कोणाला ती गिटार धरलेलं बघवणार नाही म्हणून. त्यामुळे बेस नव्हता. घाबरून त्याचे तळवे ओले झाले होते. काय वाजवलं ते घरी पोचेपर्यंत तो विसरूनही गेला होता.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हाच. दोन दिवस माणूस ज्याच्यावर जळत होता, तो हाच.

तो हसायला लागला, टेबल धरून हसला. मग त्याला वाटलं, आत्ताच्या आत्ता रस्त्यावर जावं आणि हॉटेलात शिरून सगळ्यांच्या ताटांवर ही टेप वाजवावी. 'असं आता कोण वाजवणार' म्हणे. मी वाजवणार. मीच वाजवलंय.

"वहिनींनी सकाळी याच्याबरोबर वाजवलंय," बाई म्हणाल्या. त्यांनी स्पीकरवर तेच शब्द ऐकले होते आणि त्यांना सांगायची गरज पडली नाही. "वर्षातून एकदा ऐकतात म्हणाल्या. जरा विचार करा."

नव्यानं विचार केला. खरंच केला. वहिनींनी या माणसाला कधी दुखवलं नव्हतं. एवढी वर्षं जे त्यांनी नवऱ्याचं म्हणून जपलं, ते हिसकावून याला काय मिळणार? एका गाण्याखाली नाव. तो स्वतःशी म्हणाला, राहू दे. आपल्याला कळलं, बास झालं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. असं ठरवल्यावर त्याला आपल्या मोठेपणाचं कौतुकही वाटलं.

मंडळी जेवून परत येईपर्यंत हा मोठेपणा टिकला. धाकटा दात कोरत आत आला, त्यानं नव्याच्या पाठीवर हात ठेवला आणि प्रेमानं म्हणाला, "नव्या, तू सोलोच्या खाली नुसते कॉर्ड धर हं. हलक्या हातानं. मध्येच काही करायला जाऊ नको. त्याच्या वाटेला न गेलेलं बरं."

"बाई," नवा म्हणाला, "लावा."

"काय लावा?" धाकट्यानं विचारलं.

"टेपचा शेवट. मोठ्यानं लावा."

बाईंनी एकदा वहिनींकडे पाहिलं, पण लावलं. सगळे उभ्या उभ्या ऐकत राहिले. सूर विरला, वहिनींनी सवयीनं हात वर केला, पण या वेळी टेप थांबली नाही. घरघर. खुर्ची. "चालेल का?" आणि मग "थोरल्यासारखं नाही. पण चालेल."

नवा एकेकाच्या तोंडाकडे पाहत होता. त्याला वाटलं होतं ठोक्या तरी हसेल.

धाकटा मटकन् खाली बसला, अॅम्पवरच. "त्या दिवशी मीच टेप केलं होतं," तो म्हणाला. "कोण बरा वाजवतो ते नंतर ऐकायला. याच्या वेळी रेकॉर्डरमध्ये एक कॅसेट होतीच..." रेकॉर्डरमध्ये जी कॅसेट होती ती थोरल्याच्या शेवटच्या तालमीची होती. तिच्यावरच त्यानं हे टेप केलं होतं. भावाचं शेवटचं वाजवणं त्यानं आपल्या हातानं पुसलं होतं आणि त्याला आजपर्यंत पत्ता नव्हता.

नव्याला हे सुचलंच नव्हतं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. त्याला वाटलं, निदान कोणी रागवावं. पण ठोक्या त्याच्याकडे टक लावून बघत होता, आणि त्या नजरेत राग नव्हता, नवल होतं.

"म्हणजे हे तू वाजवलंयस?" ठोक्या म्हणाला. "नव्या, तू असं वाजवायचास?"

"हो."

"मग पुढे काय झालं रे तुला?"

चेष्टा नव्हती त्यात. ठोक्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. पुढे काय झालं? पुढे तो बँडमध्ये आला. पुढे रोज संध्याकाळी थोरल्याच्या जुन्या रेकॉर्ड लावून तो कसा वाजवायचा हे शिकत बसला. पुढे लोकांनी हात धरून सांगितलं की थोरल्याची आठवण झाली, आणि तो घरी जाऊन अजून शिकत बसला. हे सगळं सांगता आलं असतं. पण ज्याच्याशी आता तुलना होती तो एक घाबरलेला पोरगा होता, उसन्या गिटारवर, घाम पुसत वाजवणारा, आणि त्याला यातलं काहीच अजून झालेलं नव्हतं. नव्याला त्याचा असा मत्सर वाटला की थोरल्याबद्दल वाटला तो त्यापुढे काहीच नव्हे. मेलेल्या माणसाबद्दल निदान म्हणता येतं की तो वेगळा होता, त्याला देणगी होती.

वहिनी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसल्या होत्या, बेस मांडीवर आडवा घेऊन. त्यांनी बाईंना सांगितलं, "परत लावा, शेवटचं." बाईंनी लावलं. "चालेल का?" वहिनींनी मान कलती करून ऐकलं, ओळखीच्या माणसाचा आवाज फोनवर ओळखू पाहावा तसं.

"किती घाबरला होतास," त्या म्हणाल्या.

"वहिनी, मी सांगायला नको होतं."

"नको होतं," वहिनी म्हणाल्या. मग बाईंकडे वळून, "कॅसेट परत द्या मला."

"पण त्यावर मी आहे, वहिनी. ते नाहीत."

"कळलं. ऐकू येतं मला. तरी द्या."

बाईंनी कॅसेट दिली. वहिनींनी ती पर्समध्ये ठेवली, चेन ओढली आणि उठून बेसची वायर लावली. "आता यात टेप नको," त्या धाकट्याला म्हणाल्या. "तो इथे आहे ना? मग त्यालाच वाजवू दे. आपण सगळे एकदमच वाजवू."

धाकटा उठला. त्याचे डोळे लाल होते, आवाज लागतोय की नाही हे त्यानं पाहिलंही नाही. ठोक्यानं स्टूल पुढे ओढलं. दारावरचा लाल दिवा लागला.

गाणं सुरू झालं. सोलो आला आणि नवा वाजवायला लागला. त्याला हवं होतं ते हेच होतं, आणि त्यानं ते मिळवलंही होतं. त्यानं पहिली ओळ चाचरत घेतली, टेपवरच्यासारखी, पण मुद्दाम घेतलेलं चाचरणं वेगळं असतं आणि ते त्यालाच कळलं. मग ते सोडून तो आपल्या मनानं वाजवू लागला, आणि आपल्या मनात काय आहे हे त्याला पटकन आठवेना. वहिनींचा बेस खालून चालला होता. तो सकाळसारखा नव्हता, पण मध्ये एका जागी नवा थबकला तेव्हा तोही थांबला, त्याच्यासाठी, आणि मग दोघं बरोबर पुढे निघाले. तिसऱ्या ओळीत बोट घसरलं, नेहमीच्या जागी, तेवढं काही बदललं नव्हतं.

शेवटचा सूर विरला. अॅम्पची घरघर उरली. नव्यानं ओठ घट्ट मिटले होते. आज विचारायचं नाही, मेलो तरी विचारायचं नाही, असं त्यानं वाजवतानाच ठरवलं होतं.

"चालेल का?" तो म्हणाला.

वहिनी तारेवरचं बोट न उचलता खाली बघत होत्या. धाकट्यानं ठोक्याकडे पाहिलं. ठोक्यानं काठ्या मांडीवर ठेवल्या आणि जे होतं तेच बोलला.

"टेपवरच्यासारखं नाही," तो म्हणाला. "पण चालेल."